जिनाक्काची मासेमारी

संध्याकाळी तव्यावर पहिली भाकरी टाकली, की परड्याच्या भिंतीपलीकडून हमखास हाक यायची, "गोदे, दिवस हाय का गं अजून?" मी भाकरी तशीच सोडून मागच्या दाराशी जायची, डोंगराकडे बघायची आणि ओरडून सांगायची, "हाय आक्का, हातभर हाय!" मग पलीकडे पाट सरकवल्याचा आवाज यायचा.

आमच्या शेजारची जिनाक्का दिवस मावळल्यावर अन्नाचा कण घेत नसे. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. जैनांच्या घरात तो रिवाजच. पण तिच्या परड्याच्या पश्चिमेला कुणाची तरी तंबाखूची वखार उभी राहिली आणि तिला घरातून सूर्य दिसायचा बंद झाला. तेव्हापासून तो बघायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नवी सून. सासूनं सांगितलेली दहा कामं विसरेन, पण हे कधी विसरले नाही. एकदा आभाळ भरून आलं होतं, काही दिसेना, तर मी आपलं सांगितलं, "असंल बहुतेक!" थोड्या वेळानं बघते तर ताट झाकून ठेवून आक्का जात्यावर बसलेली. म्हणाली, "बहुतेकवर मी जेवत न्हाई, पोरी."

आक्काला जाऊन आता जमाना झाला. तिला बघितलेली माणसंही फारशी उरली नाहीत, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं. निपाणीपासून दोन कोसांवर आमचं गाव. आक्काचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ऊस, तंबाखू, गुऱ्हाळ, सगळं एकटी बघायची. उंच, सावळी, चालताना खाली बघत चालायची, पायाखाली काही येऊ नये म्हणून. बैलांशी कानडी बोलायची, माणसांशी मराठी; आणि माणसांशी कानडी सुरू झालं, की समजायचं, बाई भडकली. आमच्या भागात बायाही स्वतःबद्दल 'येतो, जातो'च म्हणतात, तशीच तीही. एकदा निपाणीहून तिचे पाहुणे आले, तर त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलेलं. काय, तर मुंग्यांची रांग उंबरा ओलांडत होती. "जरा थांबा, तेंची वरात चाललीया. नवरी अजून मागंच हाय." पाहुणे उन्हात उभे आणि आक्का आत पंखा हातात घेऊन वाट बघत बसलेली.

तर अशा बाईनं एकदा मासे धरायचं मनावर घेतलं.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा कुठला तरी उन्हाळा असेल. साल सांगता यायचं नाही, पण माझा थोरला पोटात होता, तिसरा सरून चौथा लागलेला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. आमच्या आणि आक्काच्या शेतामधून ओढा जायचा, त्याचा एक डोह होता. ओढा तर कधीच आटला, पण डोहातही गुडघाभर पाणी उरलं आणि सगळे मासे तिथं गोळा झाले. आमच्या घरात डोह आटणं म्हणजे सणच. सासूनं आदल्या दिवशीच मसाला वाटून ठेवला होता. आणि मला डोहाळे कशाचे, तर माशांचे! चिंच नको, आंबा नको. माझं माहेर वेदगंगेच्या काठचं, हातानं मासे धरत वाढलेली मी. डोळे मिटले की तांबड्या कालवणाचं ताट दिसायचं.

त्याच संध्याकाळी आक्का दारात येऊन उभी. "किस्नाबाई, उद्या गोदेला माझ्यासंगं द्या. डोहातलं मासं धरायचं हायत."

सासूच्या हातातलं सूप हातातच राहिलं. "तुमी? मासं?"

"धरून थोरल्या तळ्यात सोडायचं. माझ्या बांधाला जीव तडफडाय लागलाय. घार खाली आली की माझा घास घशात अडकतोय. मला काय मासा धराय येत न्हाई. गोदेला येतंय."

"अवो आक्का, आमी मसाला वाटून ठेवलाय!"

"मग ऱ्हाऊ द्या की. मसाला काय उडी मारून जात न्हाई."

सासू हसायला लागली आणि तिथंच हरली. आक्काला नाही म्हणायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती. "पर ती पोटुशी हाय," एवढं सासूनं म्हणून बघितलं. आक्का म्हणाली, "गाडीत पेंढा घालतो. राणीवानी न्हेतो आणि राणीवानी आणतो."

सकाळी डोहावर गेलो. आक्का, मी आणि तिचा गाडीवान सत्याप्पा. आक्कानं घासूनपुसून लखलखीत केलेल्या तांब्याच्या घागरी गाडीत मांडल्या होत्या. काठावर उभी राहून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "ह्यातला शेवटचा जीव तळ्यात पडोस्तवर मी पाणी घेनार न्हाई."

सत्याप्पा चपापला. "आक्का, तळं चार कोस हाय. चैताचं ऊन बघा जरा."

"बघितलंय. म्हून तर बैलास्नी जास्ती पाजलंय."

तिला हसू येत होतं, पण मला हसू येईना. आक्का हिवतापातून नुकती उठली होती. चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या लोंबायच्या, इतकी वाळली होती. आणि तिचा तो दिवसाचा नेम! मासे तळ्यात पडायच्या आधी सूर्य मावळला, तर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तोंडात पाणी नाही. मी पदर खोचला आणि चिखलात उतरले. म्हटलं, बोलण्यात वेळ घालवायला नको.

मी आणि सत्याप्पा मासे धरतोय आणि आक्का काठावर घागर पुढं करून, तोंड मागं करून उभी. मरळ मासा मनगटाएवढा, घागरीत पडताना शेपटी अशी हाणायचा की आक्का "यव्वा!" करून दोन पावलं मागं. लगेच परत पुढं, "ये बाळा, ये." एकेक मासा माझ्या हातातून घागरीत जायचा आणि माझी नजर त्याच्या मागोमाग जायची. आक्कानं ते बरोबर हेरलं.

"गोदे, तोंडाला पाणी सुटलंय न्हवं?"

"व्हय आक्का."

"सुटू दे. न्हाई म्हटली असतीस तर राग आला असता मला."

डोहातले मासे संपायला दुपार झाली. गाडी निघाली, आणि आक्काच्या गुऱ्हाळापर्यंत पोचते न पोचते तोच मला राहवेना. घागरींच्या तोंडाला तिनं पाणी गाळायचं फडकं दुहेरी करून घट्ट बांधलं होतं. एक सोडून बघितलं, तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, दोन-तीन तर आडवे झालेले.

"आक्का, ह्यात पाणी कुठलं घातलं?"

"हिरीचं. पहाटे उठून गाळून घेतलंय, दोनदा." सांगताना केवढा अभिमान! आपल्या घरी पाहुण्याला जे द्यायचं, तेच तिनं माशांना दिलं होतं.

"अवो, चिखलातली जात ती! तेंस्नी ह्या गार पाण्यात सोसना झालंय. आणि तोंड बांधल्यावर वारं कुठनं जाणार? सोडा ती फडकी."

"उघडं ठेवलं तर किडा-मुंगी पडंल की गं आत."

"पडू दे की. मासा खाईल."

आक्काचा हात फडक्यावरच थांबला. "आँ? मासा किडं खातोय?"

"मग काय भाकरी खातोय?"

ती घागरीत वाकून बघत राहिली. इतका वेळ ज्यांना बाळा म्हणत होती, त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं. सत्याप्पा तोंड फिरवून खांदे हलवत हसत होता. शेवटी आक्का म्हणाली, "असू दे. तेंस्नी कुणी सांगितलं न्हवतं." आणि फडकी भराभरा सोडायला लागली.

पण घागरीचं तोंड केवढंसं. चार कोस जाईपर्यंत त्यातला एकही जगला नसता. गुऱ्हाळ बंद झालेलं, आणि मांडवात गुळाची काहील पालथी पडलेली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी रुंद. माझी नजर तिच्यावर गेली, सत्याप्पाचीही गेली, पण बोलायचं कुणी? त्या काहिलीत आक्का चप्पल घातलेल्या माणसाची सावली पडू देत नव्हती. तिचा गूळ सोवळ्यातला म्हणून देवळात जायचा.

आक्कानं आमच्याकडे बघितलं, काहिलीकडे बघितलं. "बघताय काय? उलथी करा!"

"आक्का, गुळाला वास मारंल," सत्याप्पा म्हणाला.

"काहील घासता येती. मेल्यालं घासून उठत न्हाई. हं, चला!"

काहील गाडीवर चढवली, डोहातलंच गढूळ पाणी आणून तिच्यात वीतभर घातलं आणि घागरी आत रिकाम्या केल्या. आडवे झालेले मासे थोड्या वेळानं सरळ झाले, तेव्हा आक्कानं टाळी वाजवली. पण या सगळ्यात ऊन कलायला लागलं होतं. (पुढच्या हंगामात काहील राखेनं आणि चिंचेनं घासून आरशासारखी केली, तरी आक्का येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायची, "हिच्यात मासं बसून गेल्यात. चालत असंल तर घ्या." देवळात मात्र तिनं स्वतःच त्या वर्षी गूळ दिला नाही.)

वाटेत काय कमी गमती झाल्या? गाडी उसळली की पाणी उसळायचं. एक मरळ उडी मारून थेट रस्त्यावर, आणि सत्याप्पा तिच्यामागं धुळीत रांगतोय. निपाणीच्या बाजारातून परतणारी माणसं थांबून थांबून बघायची. एका म्हातारीनं तर गाडीत वाकून विचारलं, "आक्का, मरळ कशी दिली?"

जन्मात लसूण न शिवलेली माझी आक्का! मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. पण ती शांतपणे म्हणाली, "इकाय न्हाई आजी. माहेराला घालवाय चाललोय." म्हातारी तोंडावर पदर घेऊन लांबपर्यंत बघत राहिली.

ती हसवत होती, पण तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. शेवटच्या कोसाला ती बोलायचीच थांबली. मी म्हटलं, "आक्का, दोन घोट घ्या. देव काय बघत बसलाय?"

"देव न्हाई. मी बघतोय की."

थोरल्या तळ्याला पोचलो तेव्हा माझे डोळे भरून आले. तळ्याच्या पश्चिमेला, आम्ही आलो त्याच अंगाला, डोंगर. आणि सूर्य त्याच्या आड गेलेला. काठावर सगळी सावली. पाणीही उन्हाळ्यानं मागं हटलेलं, मध्ये नुसता चिखल. आक्का गाडीतून उतरली, डोंगराकडे एकदा बघितलं आणि चाकाला टेकून बसली. "गेला," एवढंच म्हणाली. "मासं सोडा. बैलास्नी पाजा. माझं काय, सकाळी बघू."

तिथं रामा भोई जाळं वाळत घालत होता. तळ्याच्या काठी त्याची झोपडी, मासेमारीवर पोट. काहिलीत मासे बघून तो आधी हसला, मग सत्याप्पानं सगळं सांगितल्यावर हसायचा थांबला. आक्काजवळ येऊन म्हणाला, "गेला न्हाई आक्का, डोंगराआड दडलाय. तकडं बघा, तळ्याच्या मधोमध. ऊन दिसतंय का न्हाई पाण्यावर?"

खरंच! डोंगराची सावली निम्म्या तळ्यापर्यंतच होती. त्याच्या पलीकडे पाणी सोन्यासारखं चमकत होतं.

"काठाला मासं सोडलं तर बगळं ताव मारतील. आत खोल सोडाय पायजेत. ही काहील पाण्यात ढकलू, तुमी हिच्यात बसा, मी ऊन हाय तितवर न्हेतो. तितं तुमच्याच डोळ्यानं बघा. दिवस दिसला तर पाणी प्या, न्हाई दिसला तर नगा पिऊ."

आक्का पाण्याला भ्यायची. ओढ्याला घोटाभर पाणी आलं तरी सत्याप्पाचा हात धरायची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गोदे, तू येतीस?" मी हो म्हणायच्या आधीच चिखल तुडवायला लागले होते.

रामानं आणि सत्याप्पानं काहील चिखलावरून ओढत पाण्यात नेली. आम्ही दोघी आत, पायांभोवती मासे. रामानं पोटाला वाळका भोपळा बांधला आणि पोहत पोहत मागून रेटायला लागला. काहीलच ती, गोल गोल फिरायची. आक्कानं डोळे गच्च मिटलेले, एका हातानं माझं मनगट, दुसऱ्यानं कड धरलेली.

"आक्का, हलू नगा," रामा मागून ओरडला, "न्हाईतर मासं ऱ्हातील आणि तुमीच सुटशिला!"

"आणि डोळं उघडा," मी म्हटलं, "डोळं मिटून दिवस कसा दिसंल?"

तेवढ्यात तोंडावर ऊन आलं. सावलीची कड मागं पडली. आक्कानं डोळे उघडले आणि लहान मुलीसारखी ओरडली, "हाय! गोदे, हाय गं!" डोंगराच्या शेंड्यावर सूर्य टेकलेला, तांबडा, निम्मा.

पण आधी मासे, मग पाणी. मी दोन्ही हातांनी उपसून टाकायला लागले. सूर्य मात्र बघता बघता उतरत होता, आणि सावली पाण्यावरून आमच्याकडे सरकत होती. आक्कानं एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा माझ्या हातांकडे. मग बाह्या वर सारल्या आणि जन्मात माशाला बोट न लावलेले हात तिनं सरळ पाण्यात घातले! "जा बाळा. जा. तू बी जा. अय्यय्य, कसलं बुळबुळीत! जा!" शेवटी एक शिंगटी राहिली, मिशांची आणि काटेवाली. ती आक्काच्या लुगड्याच्या ओल्या सोग्यात शिरून बसली. आम्ही दोघी शोधतोय, काहील डगमगतेय, रामा खालून शिव्या गिळतोय. आक्काला सापडली, तिनं पकडली आणि शिंगटीनं काटा मारला. भळकन रक्त आलं. पण तिनं पकड सोडली नाही. कडेवरून अलगद पाण्यात सोडली.

"प्या आता!" मी ओरडले.

एवढ्या घाईतही बाई कमरेचं फडकं काढून गाडीतून आणलेल्या गडूच्या तोंडाला धरायला विसरली नाही. तळ्यातलं पाणी गाळलं आणि घटाघटा प्यायली. हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी ओघळत होतं. नखाएवढा सूर्य उरला होता, गडू खाली ठेवेपर्यंत तोही गेला. आक्का तोंड पुसून खदाखदा हसायला लागली. मग मी, मग पाण्यातला रामा. तळ्याच्या मधोमध, गुळाच्या कढईत.

परत येताना रामा म्हणाला, "आक्का, राग मानू नगा. उद्या माझं जाळं हितंच पडनार."

"ठावं हाय रं. तुझं पोट बांधाय मी आलो न्हाई. आज मातूर टाकू नगंस. दमल्यात ती."

"आज कुठलं टाकतोय? माझं हात हायत का जाग्याव?"

काठाला आलो. दिवेलागण झाली होती. रामाच्या बायकोनं झोपडीपुढं चूल पेटवली होती आणि कालवण रटरटत होतं. तो वास आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. आज दिवसभर जे बघितलं, त्यावर मागायला तोंड तरी कुठं होतं? मी गाडीकडे वळले.

आक्का बोटाला चिंधी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "रामा, त्या भांड्यात काय हाय? आज सोडल्यालं तर न्हाई न्हवं?"

"न्हाई आक्का. सकाळचं हाय, तुमी यायच्या आधीचं."

"मग हिला वाढ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आक्का, नको. तुमच्यासंगं येऊन..."

"नेम माझा हाय, पोरी. तुझ्या पोटातल्यानं कुठं घेतलाय?" तिनं आता कुठं माझ्याकडे बघितलं. "दिवसभर वंजळीनं सोडलीस, एकदा सुदीक म्हटली न्हाईस एक ठेवू का म्हून. जा. पोटभर खा. मी बैलांपाशी बसतो."

आणि ती खरंच आमच्याकडे पाठ करून बैलांपाशी जाऊन बसली. मी जेवले. भाकरी, कालवण, वर आणखी कालवण. रामाची बायको वाढत गेली, मी खात गेले.

गाडी निघाली तेव्हा मी मुद्दाम मागच्या टोकाला, लांब बसले. हात-तोंड तीनदा धुतलं होतं, पण वास थोडाच जातो? आक्का म्हणाली, "तकडं कशाला बसतीस? पडशील. जवळ सरक." सरकले. तिनं आपलं अर्धं घोंगडं माझ्या अंगावर ओढलं. मला पेंग यायला लागली होती. तेवढ्यात सत्याप्पाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली,

"गोदे."

"काय आक्का?"

"कसं झालतं गं?"

मी टक्क जागी झाले. "काय, कालवण?"

"मग काय! खाल्लं न्हाई म्हून इचारू बी नगं व्हय?"

"लई चांगलं झालतं आक्का. तिखट मातूर जरा जास्तच."

"वाटलंच मला. बैलांपाशी बसून ठसका लागला." मग घोंगडं माझ्या पोटावर नीट सारखं करत ती म्हणाली, "पर चांगलं झालतं न्हवं? मग झालं."